नाजूक त्वचेसाठी वनस्पतीजन्य घटक: सुरुवात कशी करायची, काय टाळायचं

तोंड धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा होतो, साधं क्रीम लावलं तरी चुरचुरतं, उन्हातून घरी आल्यावर गाल बराच वेळ तापलेले राहतात. हे वारंवार होत असेल तर त्वचा संवेदनशील आहे असं धरून चालायला हरकत नाही. मग घरातलं कुणीतरी सांगतं, "केमिकलचं काही लावू नकोस, कोरफड लाव, हळद-चंदन लाव." सल्ला मायेचा असतो. पण बिब्बा नैसर्गिकच आहे आणि आंब्याचा चीकही नैसर्गिकच आहे. दोन्हींनी कातडी कशी भाजते हे कोकणात कुणालाही विचारा.

माझी त्वचा याच जातीची आहे. गेली काही वर्षं मी वनस्पतीजन्य घटकच जास्त वापरते आणि त्यांचा मला खरोखर उपयोग झाला आहे. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. वनस्पती कोणती, याच्याइतकंच ती कोणत्या रूपात आणि कशात मिसळून चेहऱ्यावर येते याला महत्त्व आहे. कोरफडीचा गर शांत करतो, त्याच पानाचा पिवळा चीक खाज आणतो.

आणखी एक. त्वचेच्या कोरड्या-लालसर तक्रारींचे बहुतेक फोटो गोऱ्या त्वचेचे असतात. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही. जागा गरम लागणं, चुरचुरणं, रंग थोडा तपकिरी-जांभळट होणं, ही आपल्याकडची खूण. आणि दाह उतरला तरी मागे काळा डाग राहतो, तो जायला कित्येक महिने लागतात. म्हणून "लावून तर बघू" हा प्रयोग आपल्याला महाग पडतो.

सुरुवातीला जवळ काय हवं

- एक छोटी वही, किंवा फोनमधली नोंद: कोणती वस्तू, कोणत्या तारखेपासून
- रोज एकाच ठिकाणी, खिडकीच्या उजेडात काढलेला चेहऱ्याचा फोटो
- सध्या वापरात असलेल्या सगळ्या वस्तूंच्या मागच्या लेबलांचे फोटो. यात केसांचं तेल, शॅम्पू, मेंदी, हेअर डाय, काजळ, कुंकू, टिकलीचं पाकीटही आलं
- सुगंध नसलेला सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन
- मलमलचा स्वच्छ तुकडा आणि बारीक चाळणी

१. आधी सगळं थांबवा

नवीन काही लावण्याआधी जुनं कमी करायचं. साधारण चार आठवडे फक्त तीन गोष्टी ठेवा: फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. एवढा वेळ यासाठी, की त्वचेचा वरचा थर नव्याने तयार व्हायला जवळपास तेवढेच दिवस लागतात. स्क्रब, मुलतानी माती, लिंबू, बेसनाचा लेप, वाफ घेणं, सगळं बंद.

चेहऱ्याला अंगाचा साबण लावू नका. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू साधारण ४.५ ते ५.५. साबणाच्या वडीचा सामू ९ ते १० च्या घरात जातो. रोज दोनदा साबण लावला की त्वचेतली नैसर्गिक स्निग्धता निघून जाते आणि मग कोणताही घटक, अगदी चांगलासुद्धा, आत झोंबतो. बोअरचं जड पाणी असेल तर हा त्रास वाढतो, कारण साबण आणि क्षार मिळून त्वचेवर थर बसतो. अशा घरांत शेवटचा तांब्या पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा घ्यावा. पाणी कोमट हवं, कढत नको. चेहरा टिपून घ्या आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा.

एक अपवाद मात्र गंभीर आहे. मेडिकलमधून आणलेलं, "गोरं करणारं" किंवा "डागावरचं" म्हणून महिनोन्‌महिने लावलेलं क्रीम तुमच्याकडे असेल तर त्याची ट्यूब उलटी करून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. ते एकदम बंद केलं की चेहरा प्रचंड भडकू शकतो. ते सोडायचं कसं हे त्वचारोगतज्ज्ञच सांगतील. हा लेख तिथे बाजूला ठेवा. अशा अनेक क्रीमना २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी काउंटरवर ती सहज मिळतात.

२. खरं कारण दुसरंच नाही ना, ते तपासा

त्रास चेहऱ्याला, म्हणून दोष फेसक्रीमचा, असं नेहमी नसतं. त्रास कुठे होतो ती जागा बघा.

कपाळाच्या मधोमध खाज किंवा फिकट डाग असेल तर टिकलीच्या गोंदावर संशय घ्या. कानाच्या पाळ्या, गळा, मनगट असेल तर खोट्या दागिन्यांतलं निकेल. केसांची कड, कान, पापण्या सुजत असतील तर हेअर डाय किंवा झटपट रंगणारी काळी मेंदी. दोन्हींत बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन असतं.

पापण्या, मान, कोपराची घडी अशा उघड्या जागी खाज असेल, पावसाळ्यात वाढत असेल, शेतात किंवा मोकळ्या प्लॉटजवळून गेल्यावर होत असेल, तर गाजर गवत आठवा. काँग्रेस गवत म्हणतात ते हेच. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात त्याची नोंद झाली आणि आज राज्यात कुठेही रस्त्याच्या कडेला ते दिसतं. त्याची ॲलर्जी असलेल्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. हा मुद्दा इथे का, ते पुढच्या पायरीत कळेल.

३. कोणत्या वनस्पतीपासून सुरुवात करावी

माझा क्रम ठरलेला आहे: आधी ओट्स, मग कारिवणा, मग ज्येष्ठमध. कोरफड त्यानंतर. लोकांना हा क्रम उलटा वाटतो, कारण कोरफड प्रत्येकाच्या गॅलरीत असते.

*ओट्स.* खाज आणि कोरडेपणासाठी इतका भरवशाचा दुसरा घटक मला माहीत नाही. त्यात बीटा-ग्लुकन असतं, ते पाणी धरून ठेवतं. आणि ॲव्हेनँथ्रामाइड नावाची द्रव्यं असतात, ती खाज आणि दाह कमी करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये कोलॉइडल ओटमीलला त्वचा-संरक्षक घटक म्हणून मान्यता दिली. कोलॉइडल म्हणजे इतकं बारीक दळलेलं, की पाण्यात तरंगत राहील.

हे घरी करता येतं. साधे ओट्स घ्या. मसाला, मध, फळं घातलेले नकोत. मिक्सर पूर्ण कोरडा हवा. थांबत थांबत फिरवा, नाहीतर भांडं तापतं आणि पीठ चिकट होतं. बारीक चाळणीने चाळा. आता परीक्षा: ग्लासभर पाण्यात चमचाभर पीठ टाकून ढवळा. पाणी दुधासारखं झालं आणि बोटांना बुळबुळीत लागलं तर पीठ जमलं. तळाला कण बसले तर परत फिरवा. आपल्याकडे टबातली आंघोळ नसते, म्हणून मूठभर पीठ मलमलच्या तुकड्यात बांधून कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवायचं, पुरचुंडी पिळायची आणि ते पांढरं पाणी शेवटी अंगावर, चेहऱ्यावर घ्यायचं. चोळायचं नाही. फरशी निसरडी होते, घरात वयस्कर माणसं असतील तर लगेच धुऊन काढा. एक्झिमा असलेल्या तान्ह्या बाळांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ओट्स लावू नका. फुटलेल्या त्वचेतून बाळाला त्याची ॲलर्जी जडू शकते.

*कारिवणा.* कोकणात विहिरीच्या काठी, पाणथळ जागी जमिनीलगत पसरणारी, गोलसर पानांची वेल. मंडूकपर्णी हीच. कोरियन क्रीमच्या डब्यावर 'सिका' लिहिलेलं असतं ते हिच्यापासूनच. नर्सरीत ब्राह्मी मागितली तर कधी ही मिळते, कधी लहान जाड पानांची नीरब्राह्मी, आणि ती वेगळी वनस्पती आहे. कारिवण्यात मॅडेकॅसोसाइड आणि एशियाटिकोसाइड ही द्रव्यं असतात. दाह कमी करणं आणि त्वचा भरून यायला मदत करणं हे त्यांचं काम. पानं वाटून चेहऱ्यावर थापू नका. त्यात माती, जंतू, आणि घटकाचं प्रमाण दर वेळी निराळं. तयार क्रीम घ्या, लेबलवर 'सेंटेला एशियाटिका' किंवा 'मॅडेकॅसोसाइड' शोधा.

*ज्येष्ठमध.* घशासाठी कांडी चघळतो ती. लेबलवर 'ग्लिसिरायझा ग्लाब्रा', 'डायपोटॅशियम ग्लिसिरायझेट' किंवा 'लिकोचाल्कोन ए' असं येतं. तापलेल्या चेहऱ्यासाठी चांगलं, आणि त्यातलं ग्लॅब्रिडिन मागे राहणारा काळेपणा कमी करायला थोडी मदत करतं. म्हणून आपल्या रंगाच्या त्वचेसाठी मला हा घटक विशेष मोलाचा वाटतो. काष्ठौषधींच्या दुकानातली भरड पूड दुधात कालवून घासणं म्हणजे मात्र स्क्रबच झाला.

*कोरफड.* पान बुडाशी कापा आणि कापलेली बाजू खाली करून ग्लासात पंधरा मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक गळून पडेल. वाळवला की ज्याचा काळाबोळ होतो तोच हा चीक. तो चेहऱ्याला लागता कामा नये. मग दोन्ही काटेरी कडा काढा, साल उतरवा, गराचा तुकडा वाहत्या पाण्याखाली धुवा. पारदर्शक गरच वापरायचा. गरात जवळपास ९९ टक्के पाणीच असतं, ते सुकलं की चेहरा आवळतो, म्हणून वरून मॉइश्चरायझर हवंच. उरलेला गर फ्रिजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. बाजारातली हिरवीगार, वासाची जेल म्हणजे बहुतेक वेळा रंग आणि अत्तर. खरा गर हिरवा नसतो.

*कॅमोमाइल आणि कॅलेंड्युला.* दोन्ही सौम्य म्हणून प्रसिद्ध, बाळांच्या क्रीममध्येही असतात. पण ही दोन्ही गाजर गवताच्याच कुळातली, शेवंती आणि झेंडूही त्याच कुळातले. गाजर गवताची ॲलर्जी असलेल्यांना ही फुलंही बाधू शकतात. दुसऱ्या पायरीत तुम्हाला स्वतःचं वर्णन सापडलं असेल तर या दोन घटकांच्या वाटेला जाऊ नका. आणि कॅलेंड्युला म्हणजे आपला हाराचा झेंडू नव्हे, त्याच्या पाकळ्या वाटून लावू नका.

*तेलं.* सूर्यफूल आणि करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, ते त्वचेच्या थराला मानवतं. ऑलिव्ह तेल उलट तो थर सैल करतं. खोबरेल तेल अंगाला, हातापायांना उत्तम. पण चेहऱ्यावर मुरमं येत असतील, किंवा कोंड्यासोबत नाकाच्या कडेला खपल्या निघत असतील, तर तिथे तेल नको. त्या खपल्यांमागची बुरशी तेलावरच पोसते.

४. घरातल्या या गोष्टींपासून सांभाळा

लिंबाचा रस: सामू २ च्या आसपास, त्यात ऊन लागलं की चट्टे भाजल्यासारखे उठतात. कडुलिंबाचं तेल आणि टी ट्री तेल थेट लावू नका. गुलाबपाण्यात बऱ्याचदा नुसतं अत्तर असतं.

उटण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण दिवाळीनंतर चेहरा बिघडलेल्या मैत्रिणी दरवर्षी भेटतात. पाकीट उलटं करून वाचा: नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला कचरा, आंबेहळद, संत्र्याची साल, चंदन. यातले बहुतेक घटक सुगंधासाठी आहेत, आणि नाजूक त्वचेला सुगंधी द्रव्यं फार लवकर बाधतात. त्यात भरड पूड अंगावर खसखसून चोळली जाते. यादीत बावची असेल तर ते उटणं हातही लावू नका. बावचीत सोरालेन असतं. कोडावरच्या उपचारात ती वापरतात ती याच गुणासाठी, कारण ती त्वचेला उन्हाबाबत कमालीची हळवी करते. हल्ली क्रीममध्ये येणारं 'बाकुचिओल' बावचीतूनच काढतात, पण शुद्ध केलेल्या बाकुचिओलमध्ये सोरालेन नसायला हवं. कच्च्या पुडीची आणि तेलाची गोष्ट वेगळी. नरक चतुर्दशीला अभ्यंग जरूर करा, चेहऱ्यापुरतं उटण्याऐवजी वर सांगितलेलं ओट्सचं पीठ घ्या.

हळद सगळ्यांना वाईट नाही, पण तिची ॲलर्जी असते, आणि सुट्या हळदीत रंगाची भेसळही होते. लग्न ठरलेल्या मुलींनो, हळदीचा कार्यक्रम लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी असतो. काही झालं तर सावरायला वेळ नसतो. तीच हळद दोन-तीन आठवडे आधी मागवून हातावर लावून बघा. मावशी-काकूंना आधीच सांगून ठेवा, हळद हाता-पायांना लावा, चेहऱ्याला टिळ्यापुरती.

५. लेबल वाचायला शिका

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'विथ अलो' असतं, खरी माहिती मागे असते. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. एक टक्क्याहून कमी असलेले मात्र कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून वनस्पतीचं नाव फेनॉक्सिएथेनॉलसारख्या प्रिझर्व्हेटिव्हच्याही नंतर, यादीच्या तळाशी आलं तर ती बहुधा नावापुरतीच घातलेली आहे.

हे शब्द दिसले तर वस्तू परत ठेवा: परफ्यूम, फ्रॅग्रन्स, लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लॅव्हेंडर ऑइल, मेंथॉल. 'अनसेंटेड' लिहिलेल्यातही वास झाकायला सुगंधी द्रव्य असू शकतं, 'फ्रॅग्रन्स-फ्री' हवं. प्रिझर्व्हेटिव्हला घाबरू नका. ज्यात पाणी आहे त्या क्रीमला ते लागतंच, नाहीतर आत बुरशी धरते. फक्त मिथाइलआयसोथायझोलिनोन टाळा.

घटकांची यादी, बॅच नंबर, परवाना क्रमांक, मुदत, यांपैकी काही नसलेली डबी पार्लरमधून किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवरून घेऊ नका, त्यावर 'शुद्ध आयुर्वेदिक' लिहिलेलं असलं तरीही. अशा गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा आणि स्टेरॉइड सापडलेले आहेत, आणि पारा मूत्रपिंडावर घाला घालतो. आठवडाभरात चेहरा उजळला तर आनंद मानू नका, संशय घ्या.

६. हातावर चाचणी: चोवीस तास पुरत नाहीत

सगळीकडे "चोवीस तास थांबा" लिहिलेलं असतं. जळजळ तेवढ्यात कळते, ॲलर्जी कळत नाही. ती उठायला दोन ते चार दिवस, कधी त्याहून जास्त लागतात, आणि पुन्हा पुन्हा लावल्यावरच समोर येते. म्हणून अशी चाचणी करा:

- कोपराच्या आतल्या बाजूला पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागी, सकाळ-संध्याकाळ, निदान सात दिवस, जमल्यास दहा. आंघोळीत ती जागा घासू नका.
- काही झालं नाही तर पुढचे तीन-चार दिवस जबड्याच्या कडेला, कानाखाली.
- मगच पूर्ण चेहरा.
- फेसवॉशसारखी वस्तू हातावर तशीच ठेवू नका, लावून धुवा.

खाज, पुरळ, जाडसरपणा, रंग गडद होणं, यातलं काहीही दिसलं तर थांबा आणि फोटो काढून ठेवा. एका वेळी एकच नवी वस्तू. दोन एकदम सुरू केल्या तर दोष कुणाचा हे कधीच कळणार नाही.

७. रोजचा वापर

सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुतलं तरी चालतं. ओलसर चेहऱ्यावर वनस्पतीजन्य क्रीम, मग सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर लांब रेघ येईल इतकं. रात्री फेसवॉश, क्रीम, गरज पडली तर वरून साधं मॉइश्चरायझर. सीरम-टोनरची पाच-सहा पायऱ्यांची रांग नाजूक त्वचेला लागत नाही. प्रत्येक पायरीगणिक बाधणाऱ्या घटकांची शक्यता वाढते. नव्या वस्तूला सहा ते आठ आठवडे द्या. पावसाळ्यात हलकं लोशन, थंडीत घट्ट क्रीम, एवढाच बदल पुरे. क्रीमच्या डब्यात बोट बुडवण्यापेक्षा पंप किंवा ट्यूब घ्या, आणि लेबलवर उघड्या डबीचं चित्र असतं, त्यावर लिहिलेल्या महिन्यांत, उघडल्यापासून मोजून, वस्तू संपवा.

८. डॉक्टरांकडे कधी जायचं

डोळे किंवा ओठ सुजले, श्वासाला त्रास झाला तर त्याच क्षणी दवाखान्यात. फोड, पू, ताप असेल तर त्याच दिवशी. सगळं थांबवूनही दोन आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा आणि पॅच टेस्टबद्दल स्वतःहून विचारा. या तपासणीत संशयित घटकांच्या छोट्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढून वाचन करतात, आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा. भारतीयांना जास्त बाधणाऱ्या घटकांचा वेगळा संच त्यासाठी उपलब्ध आहे.

जाताना वही, फोटो आणि वापरातल्या सगळ्या वस्तू मूळ डब्यांसह पिशवीत घालून न्या. टिकलीचं पाकीट आणि हेअर डायची रिकामी पेटीसुद्धा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांनी निकाल बदलतो. पट्ट्या असेपर्यंत पाठीला पाणी आणि घाम लागता कामा नये, म्हणून वेळ ठरवताना ऐन मे महिना, प्रवास आणि घरातलं कार्य टाळून तारीख घ्या.